चलथाण बुडवायला किती ऊर्जा लागेल?

सुरतच्या पूर्वेचे, उधना-जळगाव लोहमार्गावरचे चलथाण समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटर आत आहे. अरबी समुद्रातल्या भूकंपाने उठलेली त्सुनामी तिथल्या साखर कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत आणायची, असे एखाद्या कथाकाराने ठरवले, तर तो आधी लाटेची उंची ठरवेल आणि त्यावरून ऊर्जेचा अंदाज करेल. पण हा हिशेब समुद्रतळापासून मांडायला हवा. आपल्याकडे त्याला खरा आधार आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे आजच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्यालगत ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याच्या लाटा सकाळी मुंबईला पोचल्या. त्याच भागात ३०० किलोमीटर लांब आणि १०० किलोमीटर रुंद तळ सरासरी दोन मीटर उचलला गेला, असे धरू. वरचे पाणीही तेवढेच उचलले जाईल. समुद्र तिथे कितीही खोल असो, पृष्ठभागावर आलेला फुगवटाच खाली येताना ऊर्जा देतो. त्यात सुमारे ६,००० कोटी टन पाणी असेल आणि ते सरासरी एक मीटर खाली येईल. त्यातून सुमारे ६०० लाख कोटी ज्यूल ऊर्जा मिळते, म्हणजे हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बसारखे दहा बॉम्ब. आकडा छाती दडपवणारा वाटतो, पण एवढ्या भूकंपाच्या लहरींमधून बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा तो शंभरावा हिस्साही नाही. म्हणूनच केवळ भूकंपाच्या तीव्रतेवरून त्सुनामीची ऊर्जा सांगणे फसवे ठरते.

ऊर्जा उचलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तळ दोनऐवजी वीस मीटर उचलला, तर ती शंभर पट होते. कथेला हवी तशी लाट तेव्हा कुठे शक्यतेत येईल, पण एवढ्या मोठ्या क्षेत्रावर सरासरी वीस मीटर उचल कोणत्याही ज्ञात भूकंपात झालेली नाही. २०११ साली जपानच्या सेंदाई मैदानातही पाणी सुमारे पाच किलोमीटरच आत शिरले होते. यावर कोणी म्हणेल की लाट उथळ पाण्यात उंच होते, मग गणित बदलणार नाही का? होते खरी. तीन हजार मीटर खोलीवरून वीस मीटरवर येताना ती साधारण साडेतीन पट उंच होते. पण वेगही ताशी सहाशे किलोमीटरवरून पन्नासवर येतो, आणि खंबातच्या आखातापुढच्या रुंद उथळ मंचावर घर्षण तिची बरीच ऊर्जा खाते. उंची वाढली म्हणून ऊर्जा वाढत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भूकंपाने समुद्राखाली दरड कोसळली तर? १९४५ साली मकरान किनाऱ्यावरच्या पसनीला मोठी लाट उशिरा आली, त्यामागे अशीच दरड असावी, असे काही संशोधक मानतात. अशी लाट जवळपास भयंकर असते. मात्र तिचा उगम आटोपशीर असल्याने दूर जाता जाता ती लवकर विरते.

काल्पनिक त्सुनामींचे हे गणित कथेपुरते मर्यादित नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेचे त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून काम करते आहे. न घडलेल्या भूकंपांच्या लाटा संगणकावर आधीच सोडवून तिथे साठवलेल्या असतात, आणि खरा धक्का बसला की त्यांतली जुळणारी लाट काढून इशारा ठरवला जातो. वरच्या हिशेबात चलथाण सुरक्षित ठरते. सुरतच्या किनाऱ्यावरच्या डुमस आणि हजिराबद्दल तसे म्हणता येत नाही. तिथे मोठ्या भरती-ओहोटीत पाच-सहा मीटरचा फरक पडतो. ओहोटीला आलेली दोन मीटरची लाट चिखलातच जिरेल. ऐन उधाणाच्या भरतीवर आलेली तेवढीच लाट वस्तीत शिरेल.