पाचरांची सोयरीक

अश्शूर शहरातली लमस्सी नवऱ्यावर वैतागली होती. नवरा, पुशु-केन, हजारेक किलोमीटर लांब, आजच्या तुर्कस्तानातल्या कनेशच्या पेठेत व्यापारासाठी जाऊन बसलेला. इकडे ही कापड विणून घ्यायची, गाढवांच्या तांड्याबरोबर धाडायची आणि तिकडून येणाऱ्या चांदीची वाट पाहायची. एका पत्रात तिने त्याला सुनावलेच: तुम्ही गेल्यापासून त्या शलिम-अहुमने घर बांधलेसुद्धा, आपले कधी व्हायचे?

पत्र सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीचे आहे. कागदाचा पत्ता नसलेल्या त्या काळात ओल्या मातीच्या पाटीवर बोरूचे टोक दाबून ते लिहिले गेले. पाटी वाळवायची, तिच्याभोवती मातीचाच लिफाफा थापायचा, वर मोहोर उमटवायची. अश्शूरच्या व्यापाऱ्यांच्या अशा वीस हजारांहून अधिक पाट्या कनेशच्या, म्हणजे आजच्या कुलटेपेच्या उत्खननात मिळाल्या. बोरूच्या खुणा पाचरीसारख्या दिसतात म्हणून युरोपात लॅटिनमधल्या पाचरीच्या शब्दावरून लिपीला ‘क्युनिफॉर्म’ नाव पडले. मराठीत तिला कीलाक्षरे म्हणतात, पण सुताराच्या हाताखाली चार दिवस घालवलेल्या माणसाला पाचर हाच शब्द पटेल.

भाषा अक्कादी. अरबी आणि हिब्रूच्या सेमिटिक कुळातली, आणि त्या कुळात सर्वांत आधी लिहिली गेलेली. आजच्या इराकच्या दक्षिणेत तिचे बॅबिलोनी रूप, उत्तरेत अश्शुरी. दोन हजारांहून अधिक वर्षे ती लिहिली जात होती. शेवटच्या पाट्या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या, ग्रहताऱ्यांच्या गणिताच्या. त्यानंतर सतराशे-अठराशे वर्षे पृथ्वीच्या पाठीवर तिचे एक वाक्य वाचू शकेल असे कोणी उरले नव्हते.

एखाद्या अलौकिक बुद्धीच्या माणसाने एका रात्रीत कुलूप उघडले, अशी गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला गोड असते. या लिपीचे दार मात्र नातेवाइकांनी उघडले: संस्कृत, अवेस्ता, हिब्रू, अरबी. त्या नातेवाइकांकडे जाणाऱ्या वाटा पुन्हा पुन्हा मुंबई बंदरावरून गेल्या, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

कार्स्टन नीबूर हा पेशाने मोजणीदार. डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानात पाठवलेल्या सहा जणांपैकी एक. दोघे येमेनमध्ये दगावले, दोघे मुंबईकडे येताना जहाजावर, पाचवा मुंबईत. एकटा उरलेला नीबूर वर्षभराहून अधिक काळ मुंबईत राहिला. या मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेतली, नकाशे काढले. १७६४ च्या डिसेंबरात तो निघाला आणि पुढच्या मार्चमध्ये इराणात पर्सेपोलिसच्या भग्न राजवाड्यांपुढे उभा राहिला. भिंतींवरच्या पाचरी त्याने घारापुरीइतक्याच चोख उतरवून घेतल्या. एकाच तऱ्हेच्या पाचरींत तीन वेगवेगळ्या लिपी दिसतात, आणि पहिलीत अक्षरे मोजकीच आहेत, हे उतरवता उतरवता त्याच्या ध्यानात आले. अर्थ एकाही शब्दाचा लागला नाही. लागायचे कारणही नव्हते. पण पुढच्या मंडळींना भरवशाच्या नकला मिळाल्या.

त्या नकलांवर १८०२ मध्ये गटिंगेनचा एक शाळामास्तर, ग्रोटेफेंड, बसला. त्याने राजांची नावे हुडकली. अमका राजा, राजांचा राजा, तमक्याचा मुलगा, अशी बिरुदावली असणार हे गृहीत धरून दारयवहू (ग्रीकांचा डरायस) आणि त्याचा मुलगा झर्क्सिस ओळखले. नावांपलीकडे गाडी फारशी सरकेना. ‘राजांचा राजा’ यातल्या ‘राजांचा’ या शब्दाचे शेपूट त्याने भलतेच वाचले होते.

ते शेपूट डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८२६ मध्ये सरळ केले. रास्क १८२० मध्ये मुंबईला आला होता. पारशी समाजाकडून त्याने अवेस्ता आणि पहलवी हस्तलिखिते मिळवली. अवेस्ता मुरलेल्या कानाला ते शेपूट ‘-आनाम्’ असे ऐकू आले. शाळेत ‘रामस्य रामयोः रामाणाम्’ घोकलेल्या कोणाही मराठी मुलाला षष्ठीचे अनेकवचन ओळखायला याहून जास्त पुरावा लागला नसता. पहिल्या लिपीची भाषा, प्राचीन फारसी, ही संस्कृतची चुलतबहीण निघाली आणि ती लिपी भराभर मोकळी होऊ लागली.

आता हेन्री रॉलिन्सन. सतरा वर्षांचा हा पोरगा १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात भरती होऊन मुंबईला उतरला. जहाजावर सोबतीला मुंबईचे नवे गव्हर्नर जॉन माल्कम, इराणचे जाणकार. त्यांनी त्याच्या मनात फारसीची गोडी रुजवली. पुढची सहा वर्षे तो मुंबई ग्रेनेडियर्समध्ये होता. पुणे ते पनवेल हे ७२ मैलांचे अंतर त्याने पैजेवर घोडे बदलत तीन तासांहून थोड्याच अधिक वेळात कापले होते. बोरघाट कसा असतो हे ठाऊक असलेल्यांनी याचा विचार करावा.

१८३३ मध्ये कंपनीने त्याला इराणात पाठवले. कर्मानशाहजवळ बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहूने आपल्या बंडखोरांचा पाडाव तीन भाषांत कोरून ठेवला आहे: प्राचीन फारसी, एलामी आणि बॅबिलोनी. इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमाराचा हा लेख. रॉलिन्सनने शिडीवर तोल सांभाळत फारसी भाग उतरवला आणि १८४६-४७ मध्ये तो छापूनही आणला. बॅबिलोनी भाग मात्र अशा जागी, की स्थानिक पहाडी लोकही तिथे जायला नको म्हणायचे. १८४७ मध्ये एका कुर्द मुलाने ते काम अंगावर घेतले. कपारीत लाकडी खुंट्या ठोकत तो आडवा सरकला, दोरांचा झोपाळा बांधला आणि त्यात लोंबकळत ओल्या कागदावर अक्षरांचे ठसे घेतले. रॉलिन्सनच्या वृत्तांतात खुंट्यांचे वर्णन आहे, दोरांचे आहे, मुलाचे नाव नाही.

त्या ठशांतून अक्कादी उलगडली, पण पुन्हा सोयरिकीच्याच आधाराने. फारसी भागातली विशेषनामे बॅबिलोनी भागात शोधायची, त्यावरून चिन्हांचे उच्चार बसवायचे, आणि जे शब्द तयार होतील ते हिब्रू-अरबीला लावून पाहायचे. ‘मी’ला ‘अनाकु’, हिब्रूत ‘अनोखी’. घर ‘बीतु’, अरबीत ‘बैत’. जीभ ‘लिशानु’, अरबीत ‘लिसान’. सूर्य ‘शम्शु’, मरण ‘मूतु’. या दोघांचे अरबी भाऊबंद, शम्स आणि मौत, आपल्या गझलांतही येऊन बसले आहेत.

तरीही विद्वानांना भरवसा वाटेना, आणि त्यांचा संशय अगदीच गैर नव्हता. उत्तर आयर्लंडमधल्या एका खेड्यातले पाद्री एडवर्ड हिंक्स सांगत होते की यातले एक चिन्ह अनेक उच्चारांचे असते. कधी ते अक्षर असते, कधी आख्खा शब्द, कधी नुसती न बोलायची खूण. असे असेल तर कोणीही काहीही वाचावे! १८५७ मध्ये फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, फॉक्स टॅलबट, यांनी तोडगा काढला. नव्याने मिळालेल्या एका लेखाचे आपले भाषांतर त्यांनी सीलबंद करून लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे धाडले. त्याच लेखावर रॉलिन्सन, हिंक्स आणि ज्यूल ऑपेर यांचीही स्वतंत्र भाषांतरे मागवली गेली. पाकिटे फोडून ताडून पाहिली तेव्हा तपशील इकडेतिकडे झाले होते, पण राजा पहिला तिग्लथ-पिलेसर, त्याच्या स्वाऱ्या, त्याच्या शिकारी यांवर चौघांचे एकमत होते. श्रेयाचा मोठा घास पुढे रॉलिन्सनच्या नावावर गेला. हिंक्स यांच्या वाट्याला जरा कमीच आला, असे त्या काळचे कागद चाळणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही.

आज ही भाषा शिकायला बसणाऱ्याला पहिला धक्का हिंक्स यांनी सांगितलेल्या त्याच गोष्टीचा बसतो. एक चिन्ह घ्या, मुळात चांदणीचे चित्र. ते ‘अन’ असे अक्षर म्हणून वाचता येते, ‘इल’ असेही. एकटे आले तर ‘इलु’ म्हणजे देव, किंवा आकाश. देवाच्या नावाआधी आले तर वाचायचेच नाही. पुढे देवाचे नाव आहे एवढीच ती सूचना. लाकडी वस्तूंच्या आधी लाकडाची खूण, गावाच्या नावामागे जागेची खूण, असाच प्रकार.

ऐकायला हे भयंकर वाटते. पण लग्नपत्रिकेतला ‘३रा मजला’ आपण काय वाचतो? ‘३’ हे चिन्ह, त्याचा उच्चार तीन. शेजारी ‘रा’ चिकटला की तोंडातून आपोआप ‘तिसरा’ निघते. तोच ‘३’ कानडी माणूस ‘मूरु’ म्हणून वाचेल. अक्कादी लेखनिकांनी शेजारच्या सुमेरी भाषेतल्या शब्दचिन्हांचे नेमके हेच केले. ‘राजा’साठी सुमेरी चिन्ह ‘लुगल’ लिहायचे, वाचायचे ‘शर्रु’, आणि शंका नको म्हणून कधी पुढे ‘रु’ जोडून द्यायचा. नाहीतर ‘शर-रु-उम’ असे तुकडे सुटे लिहायचे. लिपीत ‘अब’ आणि ‘अप’ एकाच चिन्हाने लिहितात, यावरही मोडी वाचणाऱ्याची तक्रार नसावी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, मौजे-राजश्रींची संक्षिप्त रूपे पदोपदी भेटतात, आणि तरी जाणकार दफ्तरामागून दफ्तर वाचत जातो, कारण वाक्य पुढे कुठे जाणार हे त्याला माहीत असते.

व्याकरणात तर मराठी माणसाला एक अनपेक्षित सवलत आहे. अरबीत क्रियापद बहुधा पुढे येते. अक्कादीत ते वाक्याच्या शेवटी, शेजारच्या सुमेरीच्या संगतीने. नामाला विभक्ती आहेत: ‘शर्रुम’ राजा, ‘शर्रम’ राजाला, ‘शर्रिम’ राजाचा. जड जाते ते धातूचे यंत्र. तीन व्यंजनांचा सांगाडा कायम, स्वर मात्र फिरते. हुकूम, हाकीम, हुकूमत हे शब्द मराठीत आयते आले असले तरी त्यातला ‘ह-क-म’ हा सांगाडा आपल्याला कोणी दाखवलेला नसतो. अक्कादीत ‘श-प-र’ म्हणजे पाठवणे: ‘अश्पुर’ मी पाठवले, ‘अशप्पर’ मी पाठवतो, ‘शिप्रु’ निरोप. दूताला म्हणतात ‘मार शिप्रिम’, निरोपाचा मुलगा.

अभ्यासक्रमाची एक गंमत सांगायला हवी. बहुतेक ठिकाणी आरंभ हम्मुराबीच्या काळच्या, म्हणजे इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातल्या बॅबिलोनीने होतो, कारण तिचे व्याकरण नीटनेटके आहे. १९०१-०२ मध्ये इराणात सूसा इथे सापडलेला आणि आता लूव्र संग्रहालयात असलेला त्याचा कायद्यांचा काळा दगड हा पहिला धडा. कित्येक कलमांची सुरुवात ‘शुम्मा अविलुम’, ‘जर एखाद्या माणसाने’ अशी. चार पाने वाचली की जीभ वळते. चिन्हे मात्र बऱ्याच ठिकाणी हजार वर्षांनंतरच्या अश्शुरी वळणाची शिकवतात. ज्ञानेश्वरीची भाषा आजच्या छापील टायपात वाचावी, तसे. चिन्हांची यादी काही शेकड्यांची असली तरी ती सगळी एकदम लागत नाहीत. कनेशच्या व्यापाऱ्यांचे काम शे-दीडशे चिन्हांत भागे, म्हणूनच लेखनिकावाचून लिहिणारे व्यापारी तिथे होते, आणि बहुधा काही बायकाही.

हाताने लिहिल्याशिवाय डोळ्यांना वळण लागत नाही, असे शिकवणारे सांगतात. आइस्क्रीमची काडी कोनात कापून मुलांच्या खेळण्यातल्या मातीवर दाबली तरी चालते. पाटी पुस्तकाच्या पानासारखी बाजूला उलटायची नसते, खालच्या कडेवरून उलटायची. आणि वाचताना उजेड तिरपा हवा. समोरून झोत टाकला की पाचरींची सावली जाते आणि पाटी कोरी दिसते.

बॅबिलोनी पोरेही असेच शिकली. निप्पूर इथे एका छोट्या घरात शाळा भरायची. तिथल्या शेकडो सराव-पाट्या पुढे त्याच घराच्या भिंतींत आणि जमिनीत बांधकामाचा माल म्हणून वापरलेल्या सापडल्या. आधी नुसत्या पाचरी, मग अक्षरे, मग शब्दांच्या लांबलचक याद्या. काही पाट्या गोल, भाकरीसारख्या: मास्तरांची ओळ आणि तिच्याखाली विद्यार्थ्याची गचाळ नक्कल. मुले घरी अक्कादी बोलत आणि शाळेत कोणाच्याच घरी न बोलली जाणारी सुमेरी घोकत. वेदपाठशाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाने संस्कृत घोकावे तसे. एका सुमेरी रचनेतला विद्यार्थी दिवसभर अक्षरावरून, गप्पांवरून, उशिरावरून छड्या खातो. शेवटी बापाने मास्तरांना घरी जेवायला बोलावून नवे वस्त्र दिल्यावर तोच विद्यार्थी एकदम हुशार ठरतो.

आजच्या विद्यार्थ्याच्या हाताशी शिकागो विद्यापीठाचा अक्कादी कोश असतो. काम सुरू झाले १९२१ मध्ये, संपले २०११ मध्ये; एकवीस खंड, आणि ते सगळे इंटरनेटवर फुकट. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी २०१८ मध्ये निप्पूरच्या एका गरीब माणसाच्या जुन्या गोष्टीवर बॅबिलोनी संवादांचा छोटा चित्रपटही काढला. मुंबईकराला बाहेर जायचे नसेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूदच्या अश्शुरी राजवाड्यातली भित्तिशिल्पे आहेत. त्या राजवाड्यात अशा पटांवर एकच मजकूर पुन्हा पुन्हा कोरलेला आढळतो. नवशिक्याला याहून चांगली उजळणी नाही.

लूव्रमध्ये एक छोटी दंडगोल मोहोर आहे, अक्कादच्या साम्राज्यकाळातली. तिच्यावर मालकाचे नाव: शु-इलिशु, मेलुहाच्या भाषेचा दुभाषी. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिथली जहाजे आपल्या धक्क्याला लागतात, असे अक्कादचा राजा सारगोन अभिमानाने सांगतो. मोहोरेवर दुभाष्यासाठी सुमेरी शब्दचिन्हे आहेत, ‘एमे-बल’, जीभ फिरवणारा. अक्कादीत ती ‘तर्गुमान्नु’ अशी वाचतात. हा शब्द लमस्सीच्या काळी कनेशच्या पाट्यांतही येतो, आणि अरबीच्या वाटेने आपल्याकडे ‘तर्जुमा’ होऊन आला आहे. शु-इलिशुचे नाव, हुद्दा, लिपी सारे आता वाचता येते. त्याच्याशी मेलुहाचे लोक ज्या भाषेत बोलत, तिची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही. तिचे नातेवाईक कोण, यावर अजून एकमत नाही.