रायफल बेडिंग

रायफल बेडिंग म्हणजे रायफलीची ॲक्शन तिच्या दस्त्यात घट्ट, ताणरहित आणि प्रत्येक वेळी त्याच जागी बसेल अशी बैठक तयार करणे होय. काडतूस नळीत सारून तेथे बंद करणाऱ्या यंत्रभागास ॲक्शन म्हणतात; तो स्क्रूंनी दस्त्यास जोडलेला असतो.

आवश्यकता

गोळी सुटताच ॲक्शन मागे रेटली जाते व नळी कंप पावते. बैठक सैल असल्यास प्रत्येक धक्क्यानंतर ॲक्शन किंचित निराळ्या जागी स्थिरावते. बैठक उंचसखल असल्यास स्क्रू आवळताना तिच्यावर ताण येतो. अशा वेळी नळी उत्तम असूनही नेम विखुरतो. ५० मीटर रायफल प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. नळीची दिशा अंशाच्या केवळ साठाव्या भागाने बदलली, तरी त्या अंतरावर गोळी सुमारे १४.५ मिलिमीटर सरकते, म्हणजेच मध्यावर जाणारी गोळी दहाच्या वर्तुळाबाहेर पडते.

लाकूड आणि हवामान

लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आकसते. हा बदल धाग्यांच्या आडव्या दिशेने अधिक होतो. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका सह्याद्रीच्या माथ्याला लागून असल्याने तेथे, विशेषतः ताम्हिणी परिसरात, पावसाळा अतिशय जोराचा आणि उन्हाळा कोरडा असतो. अशा प्रदेशात लाकडी दस्त्याचा पुढचा भाग पावसाळ्यात नळीला टेकू शकतो आणि उन्हाळ्यात जुळवलेला नेम चुकू लागतो. ओलसर लाकडावर इपॉक्सीची पकडही कमी बसते. म्हणून हे काम कोरड्या ऋतूत, लाकूड पुरेसे वाळल्यावर करणे इष्ट ठरते.

पद्धत

प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री करून ॲक्शन दस्त्यातून वेगळी काढतात. बैठकीच्या जागेचे थोडे लाकूड कोरून पृष्ठभाग खरखरीत करतात. स्क्रूंच्या भोकांत ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवल्यास स्क्रू आवळताना लाकूड दबत नाही. ॲक्शनची भोके व खाचा मातीने बुजवून तिच्यावर मेणाचा पातळ थर देतात. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे; मेण राहून गेल्यास अथवा इपॉक्सी खाचांत शिरल्यास ॲक्शन दस्त्यात कायमची अडकू शकते.

मागील धक्का झेलणाऱ्या पोलादी दातास रिकॉइल लग म्हणतात. त्याच्या पुढच्या, बाजूच्या व खालच्या अंगाला चिकटपट्टी लावतात, मागचे अंग मात्र मोकळे ठेवतात. त्यामुळे दाताचा टेकू केवळ मागे राहतो. त्यानंतर धातूची पूड मिसळलेली इपॉक्सी भरून ॲक्शन अलगद, स्क्रू न आवळता बसवतात. इपॉक्सी पूर्ण कडक झाल्यावर, साधारणतः एका दिवसाने, ती काढून कडा साफ करतात. नळी व दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सहज सरकली पाहिजे.

कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती, रूपांतर व चाचणी यांसाठी परवाना आवश्यक आहे. रायफल बाळगण्याचा परवाना आणि हा परवाना वेगळे आहेत. परदेशांत बेडिंग हा अनेकांचा घरगुती उद्योग असला, तरी भारतात ते परवानाधारक बंदूक-कारागिराकडून करून घेणे योग्य होय.

महाराष्ट्रातील नेमबाजी

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडी येथे उभारलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात नेमबाजीची सोय आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. या स्तरावरील बहुतेक रायफलींचे दस्ते आता ॲल्युमिनियमचे असल्याने त्यांत आर्द्रतेचा प्रश्न उरलेला नाही. लाकडी दस्त्याच्या जुन्या रायफलींसाठी मात्र बेडिंगचे महत्त्व कायम आहे.

मर्यादा

बेडिंगने झिजलेली नळी, सैल दुर्बीण अथवा निकृष्ट काडतुसे यांचे दोष दूर होत नाहीत. म्हणून ही कारणे तपासल्यानंतरच दस्त्याला हात लावावा.