मंजुरीची वाट पाहताना

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील म्हणत. त्यांच्या काळी घर म्हणजे मातीच्या भिंती, वर कौले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे हात. आज पुष्कळ कुटुंबे तयार घर विकत घेतात व त्यासाठी बँकेचे कर्ज काढतात. अर्ज दिल्यापासून मंजुरी येईपर्यंत काही आठवडे, कधी महिनेही जातात. हा काळ केवळ ताटकळण्याचा आहे असे समजणे चुकीचे होय. घर घ्यावे की न घ्यावे याची खरी पारख याच काळात होत असते. आणि उतावळेपणाने घात होतो तोही याच काळात.

बँक या अवधीत दोन गोष्टी तपासते. पहिली, कर्ज मागणारा मनुष्य: त्याची मिळकत, मागील कर्जांची फेड आणि ३०० ते ९०० या मापात मोजली जाणारी त्याची पत. दुसरी गोष्ट म्हणजे ते घर. बहुधा मूळ खरेदीखत व इतर दस्तऐवज बँकेच्या स्वाधीन करूनच घर गहाण पडते; १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्यात गहाणाचा हा प्रकार सांगितला आहे. म्हणून बँकेचा वकील प्रत्येक कागद उलटून पाहतो. घर ज्याच्या नावाचे नाही त्याच्याकडून ते घेऊ नका, असे सांगणारा हा वकील एका अर्थी आपलाही राखणदार असतो.

आपल्या जोयडा तालुक्यात ही तपासणी अधिकच कसोशीने व्हावी लागते. तालुक्याचा मोठा भाग अरण्याचा. काळी नदीवरील धरणात जुने सुपा गाव बुडाले व तेथील अनेक कुटुंबे रामनगरास येऊन वसली. त्यामुळे येथील प्रत्येक घराखालची जमीन एका जातीची नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसांकडे जाते, परंतु ती विकता येत नाही व दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. अशा जागेवरील घरासाठी गहाणाचे कर्ज मिळण्याची आशा धरू नये. सरकारने दिलेल्या जमिनीच्या सनदेत विक्रीसंबंधी अटी असू शकतात. शेतजमिनीवर घर असेल तर ती बिनशेती झाल्याचा हुकूम लागतो. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील घरास ई-स्वत्तूचे नमुना ९ व नमुना ११ हे उतारे पाहावेत. उपनिबंधक कचेरीतून बोजाचा दाखला काढावा. पूर्वीचे नोंदलेले गहाण त्यात दिसते. हे कागद कन्नडात असतात. ज्यास ती लिपी येत नाही त्याने जाणत्या माणसाकडून ते शब्दशः वाचवून घ्यावेत.

वारसांची गोष्टही ध्यानी घ्यावी. आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करता वारला, तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. पत्नी व मुले मागे असल्यास पत्नीस एक तृतीयांश, आणि उरलेले सर्व मुलांस समान, असा त्याचा नियम आहे. मुलीस मुलाइतकाच वाटा मिळतो. तेव्हा थोरल्या मुलाने एकट्याने विकलेले घर हे पूर्ण विकलेले घर नव्हे. सासरी गेलेल्या बहिणीची आणि गोव्यात नोकरी करणाऱ्या भावाचीही सही हवी. शिवाय बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक नाव, आधारपत्रात दुसरे आणि पहाणीत तिसरे, हा घोटाळा आपल्या घरांत नेहमीचाच. तो अर्जापूर्वीच प्रतिज्ञापत्र करून निस्तरावा.

आता विसाराविषयी. विकणारा म्हणतो, “दुसरे गिऱ्हाईक दारात उभे आहे.” मग बायकोचे दागिने मोडून, प्रसंगी सावकाराकडून व्याजाने आणून मोठी रक्कम दिली जाते. पुढे बँकेने नकार दिला किंवा कमी रक्कम मंजूर केली, की विसारही जातो आणि व्याजही मागे लागते. म्हणून विसार थोडा द्यावा, तो धनादेशाने द्यावा, आणि कागदांच्या दोषामुळे किंवा अन्य कारणाने कर्ज नाकारले गेल्यास तो अमुक दिवसांत परत मिळेल, असे कलम करारात घालून घ्यावे. मुदतही तीन महिन्यांहून कमी नसावी.

हिशोबही आधीच मांडावा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जास घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांहून अधिक रक्कम बँकेस देता येत नाही. वीस लाखांच्या घरासाठी निदान दोन लाख पदरचे हवेत. मुद्रांक व नोंदणीचा खर्च निराळा. दहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतल्यास दरमहा सुमारे ९,००० रुपये भरावे लागतात, आणि अखेरीस साडेएकवीस लाखांहून अधिक फेड होते. पावसाळ्यात हाती काम नसते, त्या महिन्यांतही हा हप्ता चुकत नाही.

वाट पाहताना नवी मोटारसायकल हप्त्याने आणू नये. “मंजुरी लवकर करून देतो” म्हणणाऱ्या दलालास पैसे देऊ नयेत. नकार आला तर कारण लेखी मागावे. दोष कागदात असेल तर तो पुष्कळदा दुरुस्त होतो. फेड पूर्ण झाल्यावर मूळ दस्तऐवज तीस दिवसांत परत मिळावेत असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे, हेही लक्षात ठेवावे.

१९१८ साली वसईस मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक उभी राहिली. गरजू कुटुंबास सावकाराचा उंबरा चढावा लागू नये, या इच्छेपोटी अशा संस्था जन्मास आल्या. मंजुरीच्या काळात त्याच उंबऱ्याकडे पुन्हा वळणे म्हणजे आजवरचे सारे कष्ट वाया घालविणे होय. दोन महिने थांबून निर्दोष घर मिळत असेल तर थांबावे. आणि कागद सदोष निघाले तर घर कितीही मनात भरले असले तरी सोडून द्यावे. पतिपत्नींनी दोघांनी मिळून हा निर्णय घ्यावा, कारण पुढील वीस वर्षांचा हप्ता दोघांच्याही संसारातूनच जाणार असतो.