चित्र चालू लागतं – लेखांक ७ : शिरोरेषा शेवटी ओढा

मागच्या आठवड्यात स्टोरीबोर्ड पक्का झाला. आता शीर्षक. नमुन्याला ‘धामणगाव बढे’ हे नाव घेऊ. बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात हे गाव आहे. तिथल्या मुलांनी गावावर छोटी अॅनिमेशन फिल्म केली आहे, असं धरा. नाव मुद्दाम निवडलं आहे. देवनागरी हलवायला गेलं की ज्या अडचणी येतात, त्यातल्या बऱ्याच या दोन शब्दांत भेटतात.

आधी आडवी रेघ सरकत येते, मग तिला एकेक अक्षर लटकतं, ही कल्पना बहुतेकांना सुचते. पण रेघ डाव्या टोकापासून सलग ओढली की ‘ध’चा ‘घ’ होतो आणि पडद्यावर ‘घामणगाव’ उमटतं. ‘भ’ आणि ‘म’ यांचंही तसंच. ‘ध’च्या डोक्यावर रेघ नसते, ती त्याच्या दांड्यापासून सुरू होते. म्हणून शाळेत गिरवलेलाच क्रम ठेवा : आधी अक्षरं, शब्द पुरा झाल्यावर रेघ. हाताच्या सवयीचा क्रम असल्यामुळे तो डोळ्यालाही पटतो.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे चार सेकंदांच्या शीर्षकाला ९६. अक्षरांना ४८ द्या, रेघेला १२. उरलेल्या ३६ फ्रेम काहीही हलवू नका. हा दीड सेकंद वाचणाऱ्याचा आहे आणि नवशिके नेमका तोच खाऊन टाकतात.

परदेशी नमुने जरूर पाहा, पण जपून. सॉल बासने ‘सायको’च्या (१९६०) शीर्षकात अक्षरं आडवी कापून सरकवली. रोमन अक्षर तेवढं सोसतं. ‘बढे’ वरून कापलं तर मात्रा निघून जाते आणि ‘बढ’ उरतं. आपल्या लिपीत अर्थ रेघेच्या वरही असतो आणि अक्षराच्या पायाशीही. म्हणून फ्रेममध्ये वर-खाली जास्त जागा सोडावी लागते.

दुसरी अडचण संगणकाची. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी असते. टाइप होत गेल्यासारखं शीर्षक दाखवलं तर ‘क’ उमटतो, मग डावीकडे वेलांटी घुसते आणि ‘क’ उजवीकडे ढकलला जातो. जोडाक्षरं तर डोळ्यांदेखत मोडतात, जुळतात. शब्दाचं रेखाचित्रात रूपांतर करा आणि तुकडे स्वतःच्या हातानं पाडा. ‘धा’ हा एक तुकडा, ‘ढे’ हाही एकच.

फॉन्ट कोणता? मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’ गुबगुबीत, मुलांच्या फिल्मला शोभणारा. तो मोठाच वापरावा. लहान केला की आतली पोकळी बुजते आणि ‘ब’मधली तिरपी रेघ हरवून ‘वढे’ वाचलं जातं. श्रेयनामावलीला त्यांचाच ‘मुक्ता’ घ्या. त्यात सात वजनं आहेत. दोन्ही खुल्या परवान्याचे असल्याने फिल्ममध्ये वापरायला पैसे पडत नाहीत.

तरीही शीर्षकापुरता माझा कौल हाताने काढलेल्या अक्षरांनाच. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची शीर्षकं अशी रेखाटली की जाहिरातीतल्या नावावरूनच नाटकाचा स्वभाव कळावा. प्रत्येक नाव त्या नाटकापुरतंच काढलेलं. अॅनिमेशनवाल्यांनी त्यांची अक्षरं समोर ठेवून अभ्यासावीत : जाडी कुठे वाढते, कोणतं वळण लांबतं. हालचालीची दिशा तिथेच सापडते. टोकदार अक्षर झटक्यात येतं, गोलाई असलेलं हळूहळू फुगतं. हे ठरल्याशिवाय संगणक उघडू नका.

पुढच्या लेखांकापर्यंत आपल्या गावाचं नाव कागदावर ब्रशने दहा वेगवेगळ्या जाडींत काढा. प्रत्येक कागद खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावून, ते नाव माहीत नसलेल्या माणसाकडून वाचून घ्या. जिथे तो अडखळेल ते अक्षर बाजूला ठेवा. पुढच्या वेळी त्याच्यावरच काम करू.