सरासरी खरंच घटली का? सोयाबीनच्या १६ प्लॉटांतून समजून घेऊ गृहीतक चाचणी

तुम्ही लोहारा तालुक्यातले असाल, तर ‘पीक कापणी प्रयोग’ तुम्हाला नवा नाही. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा प्लॉट आखतात, तेवढंच सोयाबीन कापून, मळून वजन करतात. त्यावरून अख्ख्या महसूल मंडळाची सरासरी काढतात. ती उंबरठा उत्पादनापेक्षा कमी भरली, तर विम्याची भरपाई मिळते.

विम्यात हे दोन आकडे थेट ताडून पाहतात. पण संख्याशास्त्र आणखी एक प्रश्न विचारतं: सरासरी कमी आली ती मंडळातच पीक कमी होतं म्हणून, की योगायोगाने कमी पिकलेली शेतंच निवडली गेली म्हणून? याचं उत्तर शोधायची रीत म्हणजे गृहीतक चाचणी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

१. शून्य गृहीतक: मंडळाची खरी सरासरी हेक्टरी १२ क्विंटल आहे. पर्यायी गृहीतक: ती त्याहून कमी आहे.

२. सार्थकता पातळी ५ टक्के. म्हणजे सरासरी १२ असतानाही ‘घटली’ म्हणण्याचा धोका शंभरात पाचपर्यंत चालेल. हे आकडे बघण्याआधीच ठरवायचं.

३. नमुना: १६ प्लॉट, सरासरी १०.८, प्रमाण विचलन २.

४. प्रमाण त्रुटी: २ भागिले १६चं वर्गमूळ, म्हणजे ०.५.

५. टी = (१०.८ − १२) ÷ ०.५ = −२.४.

आता टी-कोष्टक बघा. १६ प्लॉट म्हणजे १५ स्वातंत्र्यमात्रा. तिथली सीमा −१.७५३. आपला टी तिच्याही खाली आहे. खरी सरासरी १२ असती, तर इतका कमी टी हजारात साधारण १५ वेळाच दिसला असता. म्हणून शून्य गृहीतक फेटाळायचं.

आता प्लॉट फक्त ४ घ्या, बाकी आकडे तेच. प्रमाण त्रुटी १ होते, टी −१.२ आणि सीमा −२.३५३. गृहीतक फेटाळता येत नाही! घट तेवढीच, पुरावा मात्र तोकडा. इथे ‘फेटाळता आलं नाही’ याचा अर्थ ‘नुकसान झालं नाही’ असा कुणी लावला, तर तो चूक आहे, आणि ही चूक शेतकऱ्याला महागात पडते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे लंडनला शिकले, ते नेमन आणि पिअर्सन यांच्या काळात; ही चाचणी आज आपण ज्या चौकटीत करतो, ती या दोघांचीच. भारतात परतल्यावर सुखात्म्यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिलं, की फार लहान प्लॉट घेतले तर उत्पादन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं. कारण कडेची झाडं आत धरली जातात. असा कल असेल तर प्लॉट कितीही वाढवा, तो जात नाही.

म्हणून कुणी सरासरी सांगितली, की तीन गोष्टी विचारा: प्लॉट किती होते, त्यांच्यात फरक किती होता आणि ते निवडले कसे?