मामूंचं मशीन: भंगार की रोजी?

मागच्या उन्हाळ्यात माझे मामू रत्नागिरीकडून तुर्भ्याला आले, ते टेम्पोत होडीचं आऊटबोर्ड मशीन टाकूनच. दोन पावसाळे अंगणात पडलेलं. "भंगारवाला किलोच्या भावाने मागतोय, नवीन घ्यायचं तर कर्ज काढावं लागेल. बघ गं बेटी, यात काही जीव आहे का."

एमआयडीसीजवळच्या गॅरेजात एक वयस्क उस्ताद आहेत. आयुष्यभर होड्यांची मशीनं दुरुस्त केलेली. मी वही घेऊन शेजारी बसले.

अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अशी मोटर विकायला आणली. रचना आजही तीच: वर इंजिन, मध्ये उभा दांडा, खाली गिअर आणि पंखा. तपासणीही याच क्रमाने.

उस्तादांनी सुरुवातीला दोरी ओढूच दिली नाही. गंजलेल्या सिलिंडरवर ओरखडे पडतात म्हणे. प्लग काढून आत थोडं तेल सोडलं, रात्रभर ठेवलं. सकाळी वरचं चाक हाताने फिरलं. मामूंचा चेहरा खुलला.

मग कॉम्प्रेशन गेज लावला. एका सिलिंडरचा आकडा ११०, दुसऱ्याचा १०५. "दोघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको," उस्ताद म्हणाले. इंजिन शाबूत होतं.

शेवटी गिअरचं तेल काढलं, ते दुधासारखं पांढरं! म्हणजे सील जाऊन पाणी शिरलेलं. पण तेलात लोखंडाचा चुरा नव्हता, म्हणजे गिअर वाचले. चुरा निघाला असता, तर उस्तादांनी "विकून टाका" असंच सांगितलं असतं.

पुढचं काम मेहनतीचं, पण आवाक्यातलं. सील बदलले. पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इंपेलर नवा घातला. जुन्या पेट्रोलचा चिकटा बसलेला कार्बुरेटर धुतला. गंजलेल्या बोल्टवर जोर न करता तेल सोडून, गरम करून ते सोडवले. टू-स्ट्रोक मशीन असल्याने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं: ५०:१, म्हणजे लिटरमागे २० मिली. प्रत्येक मशीनचं प्रमाण त्याच्या पुस्तिकेतच पाहावं.

मोकळ्या जागी, पाण्याच्या पिंपात मशीन सुरू केलं. कोरडं चालवलं तर इंपेलर लगेच जळतो. बाजूच्या भोकातून पाण्याची धार आली, तेव्हाच उस्ताद हसले. धार थांबली तर मशीन तिथल्या तिथे बंद करायचं.

त्यांनी मामूंना एकच ताकीद दिली: रोज समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने आतून धुवा. मीठ आत साचलं की पाण्याच्या वाटा बंद होतात.

तुमच्या घरी कुणी जुनं मशीन घेणार असेल, तर या तीन तपासण्या झाल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि विकणार असाल, तर ऐब आधी सांगा. घेणारा त्याच मशीनच्या भरवशावर किनाऱ्यापासून दूर जाणार असतो, आणि घरी त्याची वाट पाहणारं कुणीतरी असतं.