समुद्राखालची तार

दुबईच्या मामाचा व्हिडिओ कॉल उपग्रहावरून येतो असं पुष्कळांना वाटतं. पण असे कॉल बहुधा समुद्राच्या तळावरून येतात! तिथे पाणी द्यायच्या नळीएवढी जाड केबल टाकलेली असते. आत केसासारखे बारीक काचेचे धागे. त्यांतून बोलणं उजेडाच्या उघडझापीने धावतं. लांब गेल्यावर उजेड मंदावतो, म्हणून वाटेत तो वाढवणारी यंत्रं बसवतात. मुंबईत वर्सोव्याला अशा केबली किनाऱ्यावर येतात. पुढे आपल्या धाराशिवपर्यंत तसलेच धागे जमिनीतून आले आहेत.

१८७० साली मुंबई-एडन तार टाकली, ती तांब्याची. तिच्यातून फक्त तारसंदेश जात.

जहाजाचा नांगर अडकला की केबल तुटू शकते. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ केबली तुटल्या, अन् इकडे भारतात इंटरनेट मंदावलं. मग जहाज जातं, तुटकी टोकं वर ओढतं आणि काचेला काच जोडतात.